रमाबाई रानडे : सेवेला शिक्षणाची जोड

विद्यार्थी मित्रांनो, घरात कुणी आजारी पडले, की त्याच्या उशाशी कोण बसते? अम्मी बसते, नानी बसते, कधी मोठी बहीण बसते. रात्रभर जागून ती कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवते, पाणी पाजते, औषधाची वेळ सांभाळते. उर्दूत आपण या कामाला तीमारदारी म्हणतो. मराठीत त्याला रुग्णसेवा किंवा शुश्रूषा म्हणतात.

हे काम प्रेमाने होते, यात शंका नाही. पण ते केवळ प्रेमाने होते का? ताप किती चढला, नाडी कशी चालली आहे, जखम कशाने धुवावी, औषध किती द्यावे, हे माहीत नसेल तर नुसत्या प्रेमाचा रोग्याला किती उपयोग होईल? म्हणजे सेवेलाही शिक्षण लागते. आज ही गोष्ट आपल्याला सहज पटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती लोकांना पटवून द्यावी लागत होती. ज्यांनी हे काम धीराने केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव फार वरचे आहे. या पाठात आपण त्यांची ओळख करून घेऊ.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. गावाजवळ सागरेश्वराचा डोंगर आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म याच गावी १९१३ मध्ये झाला. त्याच्याही आधी, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावात कुर्लेकर यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. त्या वेळी देवराष्ट्रे हे सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून सातारकर आणि सांगलीकर दोघेही या मुलीला आपली म्हणू शकतात.

यमुनेचे माहेर खाऊनपिऊन सुखी होते. पण तिला लिहायला-वाचायला कुणी शिकवले नाही. मुलगी शिकली तर तिच्या नवऱ्याचे आयुष्य कमी होते, अशी समजूत त्या काळी पुष्कळ घरांत होती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, यमुनेचे लग्न झाले. नवरा मुलगा एकतीस वर्षांचा होता. त्याची पहिली पत्नी वारली होती. तो पुण्यात न्यायाधीश होता आणि मोठा विद्वान म्हणून त्याचे नाव होते. हेच महादेव गोविंद रानडे. पुढे सारा देश त्यांना न्यायमूर्ती रानडे म्हणून ओळखू लागला.

या लग्नात एक अवघड गोष्ट होती. ती लपवून ठेवण्यासारखी नाही. रानडे हे विधवांच्या पुनर्विवाहाची बाजू घेणारे सुधारक होते. त्यांनी स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करावे, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. लोकांनी त्यांना नावे ठेवली. त्यांच्या मनालाही ते लागले. मग त्यांनी ठरवले, की निदान या मुलीला तरी शिकवायचेच. सासरी यमुनेचे नाव रमा झाले, आणि लग्नानंतर लगेचच तिच्या हाती पाटी आली.

मुलांनो, तुम्ही पाच-सहा वर्षांचे असताना अलिफ, बे शिकलात. रमाबाई अकरा वर्षांच्या झाल्यावर अ, आ, इ शिकू लागल्या. उशीर झाला होता, पण त्यांनी हिंमत सोडली नाही. दिवसभर घरकाम करायचे आणि रात्री अभ्यास करायचा, असा त्यांचा नेम होता. आधी मराठी झाली, मग इंग्रजी सुरू झाली.

आता तुम्हाला वाटेल, घरातल्या बायकांना तिचे कौतुक वाटले असेल. तसे झाले नाही. रानड्यांच्या घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ होत्या. सुनेने पुस्तक हाती धरलेले त्यांना मुळीच आवडत नसे. त्या टोमणे मारत, अबोला धरत, कामे वाढवून ठेवत. इंग्रजी शिकवायला एक युरोपीय शिक्षिका घरी येऊ लागल्या, तेव्हा तर विटाळाचा प्रश्न निघाला. बाईंच्या शेजारी बसून धडा घेतला, की रमाबाईंना पुन्हा आंघोळ करावी लागे. त्याशिवाय घरातल्या इतर कामांना हात लावता येत नसे. रमाबाई आंघोळ करत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धड्याला बसत. त्यांनी कुणाला उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. हा त्यांचा स्वभाव लक्षात ठेवा. पुढे सबंध आयुष्यात त्यांनी याच रीतीने कामे केली.

पुण्यात मुलींसाठी माध्यमिक शाळा असावी, असा विचार १८८० नंतर जोर धरू लागला. त्यासाठी भरलेल्या एका मोठ्या सभेत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर आले होते. त्या सभेत रमाबाईंनी उभे राहून इंग्रजीतून निवेदन वाचले. एका हिंदू घरातल्या सुनेने परपुरुषांसमोर, तेही इंग्रजीत बोलावे, ही त्या काळी केवढी धीट गोष्ट होती! घरी परतल्यावर पुष्कळ दिवस त्यांना त्याबद्दल बोलणी खावी लागली. पण १८८४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. पुण्याची प्रसिद्ध हुजूरपागा शाळा ती हीच. ज्या मुलीला तिच्या गावात कुणी पाटीही दिली नव्हती, तिने दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा मागितली आणि शाळा उभी राहिली.

पुढे रानडे शेतकऱ्यांच्या कर्जाच्या खटल्यांचे विशेष न्यायाधीश झाले. पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत त्यांना फिरावे लागे. रमाबाई त्यांच्याबरोबर दौऱ्यावर जात. खेड्यापाड्यांतील बायकांचे जगणे त्यांना या प्रवासांत जवळून दिसले. १८९३ मध्ये रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि दोघे मुंबईला राहायला गेले.

याच सुमारास आपल्या भागावर एक मोठे संकट आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. १८९७ मध्ये ती पुण्यात पसरली आणि पुढे गावोगाव गेली. घरे ओस पडली. लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहू लागले. रोग्याजवळ जायला सख्खी माणसे भीत. अशा वेळी पुण्यात एक वृद्ध स्त्री प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होती. तिचे नाव सावित्रीबाई फुले. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ मध्ये सातारा जिल्ह्यातीलच नायगाव येथे झाला होता. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्यांचे धैर्य थोर होते. पण विचार करा, त्या काळी प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते. रोग कसा पसरतो हेही लोकांना नीट ठाऊक नव्हते. रोग्याची सेवा करणाऱ्याने स्वतःला कसे जपावे, हे शिकवणाऱ्या शाळा आपल्याकडे अगदी थोड्या होत्या.

अशा शाळा जगात नव्हत्या असे मात्र नाही. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल या इंग्रज बाईंनी तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात काम केले. इस्तंबूलच्या ज्या भागाला आज उस्कुदार म्हणतात, तेच हे स्कुटारी. तिथे त्यांना दिसले, की लढाईतल्या जखमांपेक्षा घाणीमुळे आणि रोगांमुळे अधिक सैनिक मरतात. इंग्लंडला परतल्यावर १८६० मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. परिचारिका म्हणजे नर्स. तेव्हापासून रुग्णसेवा ही शिकून करायची विद्या झाली.

आपल्याकडे सुरुवात हळूहळू झाली. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. आपल्या मिरजेत डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय बांधले. सांगली आणि मिरज यांच्यामधली वॉन्लेसवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ पासून होते. परंतु या रुग्णालयांत नर्सचे काम शिकायला येत त्या बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती मुली. हिंदू आणि मुसलमान घरांतून मुली येत नसत. परक्या पुरुषाला हात कसा लावायचा, रात्रपाळीला घराबाहेर कसे राहायचे, कुणाचेही मलमूत्र कसे काढायचे, असे प्रश्न लोक विचारत. नर्सचे काम म्हणजे हलके काम, असेच त्यांना वाटे. परिणाम काय झाला? आपल्या बायका आजारी पडल्या, तर त्यांची भाषा आणि चालीरीती जाणणारी नर्स त्यांना मिळत नसे. कित्येक बायका रुग्णालयात जायलाच तयार नसत. घरातल्या घरात दुखणे काढत आणि त्यातच दगावत.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. रमाबाई तेव्हा अवघ्या अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याच्या आपल्या वाड्यात परतल्या आणि सुमारे वर्षभर कुणात मिसळल्या नाहीत. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसून राहावे, अशीच रीत होती. पण रमाबाई कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. रुग्णालयांत जाऊन त्या रोग्यांना फळे, फुले आणि पुस्तके देत. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा रमाबाई होत्या.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ आणि दयाराम गिडुमल हे सिंधी गृहस्थ यांनी मुंबईत सेवासदन नावाची संस्था काढली. सर्व जातिधर्मांच्या स्त्रियांना शिक्षण मिळावे आणि त्यांनी समाजाची सेवा करावी, हा तिचा हेतू होता. तिचे अध्यक्षपदही रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यात सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात रमाबाईंचे मोठे सहकारी होते. जागा कोणती? रमाबाईंचा स्वतःचा वाडा. ज्या प्रकारच्या वाड्यात सुनेच्या हातातले पुस्तक बायकांना खपत नव्हते, तशाच एका वाड्यात आता बायकांचे वर्ग भरू लागले.

सेवासदनाचे वेगळेपण कशात होते, ते नीट समजून घ्या. शाळा म्हटली की आपल्यासमोर लहान मुले येतात. सेवासदनात मोठ्या बायका येत. कुणी लग्न झालेली, कुणी मुलाबाळांची आई, कुणी विधवा. कुणाला अक्षरओळख हवी असे, कुणी थोडे शिकलेली असे, कुणाला शिक्षिका व्हायचे असे, तर कुणाला शिवणकाम शिकून चार पैसे मिळवायचे असत. घरातली कामे आटोपून येता येईल, असे वर्ग त्यांच्यासाठी ठेवले होते. तू जिथे आहेस तिथून पुढे शीक, असा तिथला कारभार होता. वय झाले म्हणून कुणाला परत पाठवत नसत. असे का, हे तुम्ही ओळखले असेलच. रमाबाई स्वतः उशिरा शिकल्या होत्या. उशिरा शिकणाऱ्या बाईला काय सोसावे लागते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सेवासदनाने पुढे नर्सच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. बायका ससून रुग्णालयात जाऊन प्रत्यक्ष काम शिकू लागल्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृह काढले. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही वसतिगृह होते. हे ऐकायला सोपे वाटते. पण खरी अडचण जागेची किंवा पैशांची नव्हती, लोकांच्या मनाची होती. आपली विधवा मुलगी किंवा सून रुग्णालयात पाठवायला कोण तयार होणार?

इथे रमाबाईंचा स्वभाव कामी आला. त्या साध्या राहत, जुन्या रीतिभाती पाळत, वडीलधाऱ्यांचा मान ठेवत. त्यामुळे जुन्या वळणाच्या लोकांनाही त्यांचा विश्वास वाटे. रमाबाईंच्या नजरेखाली आपली मुलगी राहणार आहे, एवढ्यावर कित्येक घरे तयार झाली. वसतिगृहही याच विचाराने काढले होते. दिवसाची पाळी असो की रात्रीची, काम संपले की मुलगी परतून यायची ती घरासारख्या जागी. नुसते भाषण करून जे झाले नसते, ते या विश्वासाने झाले.

सेवासदनातला एक प्रसंग आजही सांगितला जातो. बक्षीस समारंभ होता. पाहायला पुष्कळ लोक आले होते. त्यांत कॉलेजचे विद्यार्थीही होते. एका विधवेचे नाव पुकारले गेले. जुन्या रिवाजाप्रमाणे आलवण नेसलेली आणि डोक्यावरून पदर घेतलेली ती बाई संकोचाने पुढे आली. तिला पाहून विद्यार्थ्यांनी हसायला आणि हुल्लड करायला सुरुवात केली. ती बिचारी काय करणार? बक्षीस घेऊन खाली मान घालून परत गेली.

शेवटी रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई त्या दिवशी संतापल्या होत्या. विद्यापीठात शिकून जर दुःखी बहिणीबद्दल दया वाटत नसेल, तर त्या शिकण्याला काय अर्थ, असे त्यांनी त्या तरुणांना विचारले. ती बाई तुमचीच बहीण असू शकते, तुमची आईही असू शकते, याची त्यांनी आठवण करून दिली. सभागृह एकदम शांत झाले. मघाशी हसणारी तोंडे खाली झाली.

मित्रांनो, या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, शिकणाऱ्याला हसणे ही फार वाईट गोष्ट आहे. वर्गात एखादा मुलगा मराठी वाचताना अडखळतो आणि बाकीचे हसतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. दुसरी गोष्ट अशी, की पदवी आणि शहाणपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हसणारे विद्यार्थी कॉलेजात शिकत होते. बक्षीस घेणारी बाई नुकतीच शिकू लागली होती. त्या दिवशी खरी शिकलेली कोण होती, ते तुम्हीच ठरवा.

सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन रमाबाई आळंदीच्या आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत जात आणि यात्रेकरू बायकांना मदत करत. १९१३ मध्ये गुजरात आणि काठेवाड येथे दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे मदतीला गेल्या. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, म्हणून त्यांनी पुण्यात चळवळ केली. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, म्हणूनही त्या झटल्या. सेवासदनाच्या शाखा इतर गावी निघाल्या. साताऱ्यातही शाखा झाली. सोलापूरचे सेवासदन तर फारच नावारूपाला आले. १९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले. मराठीतील उत्तम आत्मकथनांत आजही त्याची गणना होते. अकराव्या वर्षापर्यंत ज्यांना एक अक्षर लिहिता येत नव्हते, त्यांनी हे पुस्तक लिहिले!

१९२४ मध्ये रमाबाई वारल्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या जीवनावरची 'उंच माझा झोका' ही मालिका दूरदर्शन संचावर घरोघरी पाहिली गेली.

आता आपल्या काळाकडे येऊ. रमाबाईंच्या वेळी नर्सचे काम शिकायला मुली मिळत नव्हत्या. आज त्याच सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे शिक्षण घेण्याची सोय आहे. सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय आहे. सांगलीला भारती विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. राज्यातील अनेक नर्सिंग महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत.

हे शिक्षण जिन्यासारखे आहे. एकेक पायरी चढत जाता येते. पहिली पायरी एएनएमची. बारावीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गावात लहान मुलांना लस टोचणाऱ्या आणि गरोदर बायकांची तपासणी करणाऱ्या नर्सबाई तुम्ही पाहिल्या असतील. त्या पुष्कळदा एएनएम झालेल्या असतात. दुसरी पायरी जीएनएमची. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. एएनएम झालेल्या आणि नोंदणी केलेल्या नर्सलाही पुढे जीएनएम करता येते. तिसरी पायरी पदवीची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेतलेल्यांना चार वर्षांत बीएस्सी नर्सिंग होता येते. समजा, एखादी बाई जीएनएम होऊन नोकरीला लागली आहे. तिलाही दार बंद नाही. तिच्यासाठी दोन वर्षांचा वेगळा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला पोस्ट बेसिक बीएस्सी म्हणतात. पदवीनंतर अनुभव घेऊन दोन वर्षांत एमएस्सी करता येते. पुढे संशोधन करून पीएचडीही मिळते. अशी शिकलेली नर्स मग कॉलेजात दुसऱ्यांना शिकवते.

प्रवेशाचे नियम आणि परीक्षा बदलत असतात. म्हणून प्रवेशाच्या वर्षी अधिकृत माहितीपुस्तिका वाचावी. महाविद्यालयाला मान्यता आहे की नाही, तेही पाहावे. शिक्षण पुरे झाले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. त्यानंतरच नर्स म्हणून काम करता येते. आणि हो, हे काम फक्त मुलींचे आहे असे समजू नका. मुलगेही नर्सिंग शिकतात आणि रुग्णालयांत चांगले काम करतात.

पाहिलेत ना? तू जिथे आहेस तिथून पुढे शीक, हीच सेवासदनाची रीत आज नर्सिंगच्या शिक्षणात आली आहे. अठरा वर्षांच्या मुलीला त्यात जागा आहे आणि पस्तीस वर्षांच्या नोकरी करणाऱ्या बाईलाही आहे.

तरीही काही घरांत आजही जुना प्रश्न निघतो. मुलगी नर्स व्हायचे म्हणते. अब्बा गप्प होतात. अम्मी म्हणते, रात्रपाळी असते, लोक काय म्हणतील? अशा वेळी आईवडिलांशी भांडू नका. त्यांची काळजी खोटी नसते. रमाबाईंनी काय केले ते आठवा. त्यांनी वडीलधाऱ्यांचा मान ठेवला आणि अभ्यासही सोडला नाही. तुम्हीही घरच्यांना महाविद्यालय दाखवा, वसतिगृह दाखवा, तिथे शिकणाऱ्या मुलींशी त्यांची गाठ घालून द्या. आणि एक गोष्ट नम्रपणे विचारा. उद्या आपल्या घरातली बाई रुग्णालयात असेल, तर तिच्या उशाशी शिकलेली आणि तिची भाषा समजणारी मुलगी असावी, असे तुम्हाला वाटते ना? मग ती मुलगी कुणाच्या तरी घरातून यायला हवी. ती आपल्याच घरातून का येऊ नये?

देवराष्ट्र्याच्या त्या मुलीने अकराव्या वर्षी पाटी हाती घेतली. तुमच्या हातात तर पाटी केव्हाच आली आहे.

शब्दार्थ

शुश्रूषा – तीमारदारी, आजारी माणसाची सेवा
परिचारिका – नर्स
विधवा – बेवा, पती वारलेली स्त्री
पुनर्विवाह – दुसरे लग्न
टोमणे मारणे – ताने देणे, मनाला लागेल असे बोलणे
अबोला धरणे – रागाने बोलणे बंद करणे
विटाळ – शिवल्याने अपवित्र होणे, अशी जुनी समजूत
आलवण – पूर्वी विधवा नेसत ते लाल रंगाचे लुगडे
संकोच – झिजक
दगावणे – आजारात मरण येणे
वसतिगृह – विद्यार्थ्यांची राहण्याची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रमाबाईंचा जन्म कोणत्या गावी झाला?
(आ) रमाबाईंचे माहेरचे नाव काय होते?
(इ) पुण्यातील सेवासदन कोणत्या वर्षी सुरू झाले?
(ई) नाइटिंगेल यांनी परिचारिकांची शाळा कोठे काढली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घरातल्या बायकांनी विरोध केला, तेव्हा रमाबाई कशा वागल्या?
(आ) पूर्वी लोक मुलींना नर्सचे काम शिकायला का पाठवत नसत?
(इ) सेवासदनातील शिक्षण इतर शाळांपेक्षा वेगळे कसे होते?

३. बक्षीस समारंभातील प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.

४. वाक्यात उपयोग करा : नावे ठेवणे, हिंमत सोडणे, बोलणी खाणे, मान ठेवणे.

५. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील आरोग्य केंद्राला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथील नर्सबाई दिवसभरात कोणकोणती कामे करतात, ते विचारून दहा ओळी लिहा.